उंबऱ्यावर बसलेली निंबव्वा

हुबळीत रिक्षावाल्याला ‘बावी ओणी’ म्हटलं, की तो आधी आकाशाकडे बघायचा. ऊन असलं तर यायचा. सावल्या लांबायला लागल्या असल्या, तर म्हणायचा, “अक्का, बसवण्णाच्या देवळापाशी सोडतो. पुढं तुमचं तुम्ही जा.” देवळापासून ओणीचं, म्हणजे त्या गल्लीचं, तोंड हाकेच्या अंतरावर होतं. पण तेवढं चालायलाही माणसं कुणाची तरी सोबत शोधायची.

गल्लीचं नावच तसं निघालं होतं. मुलगा बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन, चहा पिऊन, सगळं पसंत करून उठायची आणि चपला घालताना कुणीतरी विचारायचं, “मुलगी इथंच नांदणार का?” तिथंच घोडं अडायचं. वर्तमानपत्रात वर्षातून एकदा शहरातल्या चौक्यांचे गुन्ह्यांचे आकडे यायचे. बावी ओणीची चौकी त्यात ठरलेली वरच्या ओळीत. चन्नबसप्पा ते पान कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा, जणू घरातल्या लेकराचा निकाल लागलाय.

“यंदाही पहिला नंबर आपलाच!”

“मग पेढे वाटा,” आतून त्याची बायको म्हणायची. ती निंबव्वा.

निंबव्वा मूळची नवलगुंदकडची. लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हा कापडगिरणीचा भोंगा वाजायचा आणि घराघरातून माणसं डबे घेऊन बाहेर पडायची. पुढं भोंगा मुका झाला, गिरणीला कुलूप लागलं आणि चन्नबसप्पासारखे धट्टेकट्टे गडी कट्ट्याला लागले. नवरा डोक्याला हात लावून बसला तेव्हा निंबव्वानं काटवट पुढं ओढली. आधी एका खाणावळीला ज्वारीच्या भाकरी दिल्या, मग दुसऱ्या. हळूहळू गल्लीतल्या बाया हाताखाली आल्या. शेजारची जैतूनबी तर पहिल्यापासूनची. सकाळी त्या घरातून धपधप असा आवाज यायला लागला, की लोक समजायचे, दिवस उजाडला.

वर्षानुवर्षं पीठ मळून आणि भाकरी थापून निंबव्वाचे तळवे पाटासारखे झाले होते आणि मनगटं तालमीतल्या गड्यासारखी. लेकीचं गदगला लग्न ठरलं तेव्हा विहीणबाईंनी मायेनं तिचा हात हातात घेतला आणि दचकून सोडून दिला. “हात आहे का जातं!” असं त्या नंतर म्हणाल्या म्हणे.

तर त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ओणीची साडेसाती सुरू झाली. भुरट्या चोऱ्या नेहमीच्याच होत्या. गाडीतलं पेट्रोल जायचं, दोरीवरची लुगडी जायची, त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. पण आता बायकांच्या गळ्याला हात पडायला लागले. आधी शाळेतल्या बाईंची साखळी गेली. मग देवळातून येणाऱ्या एका म्हातारीची बोरमाळ गेली. आणि एका सकाळी शारदक्कांची पाळी आली.

शारदक्का म्हणजे कापडदुकानवाल्या विरुपाक्षप्पा अंगडींची बायको. गोरीपान, हळू बोलणारी. दारात रांगोळी काढायला बसली, की येणारे-जाणारे वाट वाकडी करून जायचे, रांगोळी मोडू नये म्हणून. त्या दिवशी ती अशीच वाकून ठिपके काढत होती. एक मोटारसायकल थांबली. वर एकटाच माणूस होता, चांगला जाडजूड, डोक्याला टक्कल. तो सावकाश उतरला, जणू पत्ता विचारायला आलाय, आणि मागून तिच्या गळ्यातलं सोनं धरून त्यानं असा हिसका दिला, की शारदक्का रांगोळीवर तोंडघशी पडली. तिचं खांद्याचं हाड मोडलं.

निंबव्वानं हे समोरच्या खिडकीतून पाहिलं. पिठाच्या हातानंच ओरडत बाहेर धावली. “धरा! अरे धरा त्याला!” तो माणूस गाडीला लाथ मारतो आहे, गाडी सुरू होत नाही, पुन्हा लाथ मारतो आहे, आणि गल्लीत दोन्ही बाजूंनी कड्यांचे आवाज येताहेत. उघडायचे नव्हेत, लावायचे. तिनं शारदक्काला उचलून बसवलं तोवर गाडी सुरू होऊन निघून गेली होती.

त्यानंतर गल्लीतल्या बायकांनी सोनं डब्यात टाकलं आणि पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं. शारदक्कानं तर घराबाहेर पाऊलच टाकायचं सोडलं. तिचं दार बंद, अंगण कोरडं.

निंबव्वानं मात्र मंगळसूत्र काढलं नाही. चन्नबसप्पा मागं लागला, “काढून ठेव गं बाई. मी अजून जिवंत आहे, हे सगळ्या हुबळीला कळायलाच पाहिजे असं नाही.”

“तुमच्यासाठी कुठं घालते? माझ्या बापानं केलंय ते. चोरानं बाहेर फिरायचं आणि मी डब्यात तोंड लपवायचं, हे कुठलं शहाणपण?”

“शहाणपण नसेल. पण मान शाबूत राहते.”

“माझी मान तुम्हाला ओळखीची नाही अजून,” ती म्हणाली आणि दळण आणायला गेली.

पोळ्याच्या आधीची गोष्ट, पावसानं ओढ दिली होती. दुपारची वेळ, गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. निंबव्वा चक्कीवरून पिठाचा डबा कमरेवर घेऊन येत होती. मागून मोटारसायकल आली. पुढं हेल्मेट घातलेला चालवणारा होता, मागं तोंडाला रुमाल बांधलेला एक किडकिडीत गडी. गाडी अंगाला घासून गेली आणि मागच्याचा हात गळ्यावर पडला.

निंबव्वानं डबा सोडला आणि तो हात धरला.

दुसरी बाई असती तर तिनं गळा धरला असता. निंबव्वानं मनगट पकडलं आणि भाकरीचा गोळा दाबावा तसं दाबलं. गाडी पुढं गेली, मनगट मागं राहिलं, आणि मनगटापाठोपाठ त्याचा धनी धप्पदिशी रस्त्यावर आला. मंगळसूत्र तुटून काळे मणी मातीत उधळले, पिठाचा डबा फुटल्यागत झाला, दोघं पांढरेफटक. गाडीवाल्यानं एकदा वळून पाहिलं आणि तो पसार झाला. खाली पडलेला उठायला बघत होता. निंबव्वानं त्याच्या दोन कानफटात वाजवल्या, सरळ छातीवर बसली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली.

या वेळी मात्र दारं उघडली. चोर खाली पडलाय, वर निंबव्वा बसलीय, हे दिसल्यावर भराभर उघडली. माणसं धावत आली. कुणी चप्पल, कुणी काठी, विरुपाक्षप्पा दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन. निंबव्वाला बाजूला केलं आणि मार सुरू झाला.

पहिल्यांदा तिलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, ती स्वतःच म्हणत होती, “द्या अजून एक!” शारदक्काचं हाड तिच्या डोळ्यांपुढं होतं. मग मारता-मारता रुमाल सुटला आणि चेहरा दिसला. पलीकडच्या गल्लीतल्या केरसुण्या विकणाऱ्या दुरगव्वाचा मैलारी. मिसरूड फुटून चार-पाच वर्षं झालेला, कामधंद्याला गोव्याला जाणारा, पावसाळ्यात परत येणारा. तोंडातून रक्त येत होतं. तो आता हात आडवे धरत नव्हता. मार खाणारा माणूस हात आडवे धरायचं सोडतो म्हणजे काय, हे निंबव्वाला कुणी सांगायची गरज नव्हती.

“पुरे,” ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही.

“पुरे म्हणते ना! मरेल तो!”

“मरू दे!” विरुपाक्षप्पा ओरडला. त्याचे डोळे तांबारले होते. “माझी बायको रोज कण्हतेय. मरू दे साल्याला!” मागून कुणीतरी हाळी दिली, “रॉकेल आणा रे!” आणि दोघेजण खरोखरच वळले.

निंबव्वा गर्दीत घुसली. विरुपाक्षप्पाचा उगारलेला गज तिच्या दंडावर बसला. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. मघाचंच मनगट पुन्हा धरलं आणि मैलारीला पिठातून, मातीतून फरफटत आपल्या दारापर्यंत नेलं. आत ढकललं. “अहो, आतून कडी लावा,” म्हणून नवऱ्याला ओरडली, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसली. पाय पसरून, पाठ दाराला लावून.

“बाजूला हो, निंबव्वा,” विरुपाक्षप्पा म्हणाला.

“नाही होत.”

“चोराला घरात घेतेस? तुझाच गळा धरला ना त्यानं?”

“माझाच धरला. म्हणून तर म्हणते, माझा चोर आहे. पोलीस येतील, ते नेतील.”

“पोलीस! पोलिसांनी काय दिवे लावलेत इथं?”

“नसतील लावले. तुम्ही काय लावलेत, अण्णा?” तिचा आवाज चढला. “शारदक्का रांगोळीत पडली होती तेव्हा मी ओरडत होते. त्याची गाडी सुरू होत नव्हती. एक दार उघडलं असतं, तर तो तिथंच सापडला असता. कड्या लावलेल्या मी कानांनी ऐकल्यात. आज हा आडवा पडल्यावर सगळे पैलवान झाले होय? उभा होता तेव्हा कुठं होता?”

गर्दी हटली नाही. कुणीतरी एक दगड भिरकावला. तो चौकटीला लागला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत जैतूनबी आली, निंबव्वाशेजारी उंबऱ्यावर टेकली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, “सरक जरा. एकटीनं सगळा उंबरा अडवलाय.” मग गर्दीकडे बघून, “हं, आता मारा दगड. माझ्या थोरल्याला दुबईत निरोप पाठवायला कुणीतरी मागं ठेवा म्हणजे झालं.”

काहीजण हसले. हसलेल्या माणसाला पुन्हा दगड उचलणं जड जातं.

आत चन्नबसप्पा आणि चोर असे दोघेच होते. चन्नबसप्पा खाटेवर उकिडवा बसला होता, काठी घट्ट धरून.

“हे बघ,” तो म्हणाला, “तू चोर, मी म्हातारा. मध्ये अंतर राहू दे. त्या कोपऱ्यात बस.”

मैलारी कोपऱ्यात सरकला. थोड्या वेळानं म्हणाला, “पाणी.”

“पाणी पाहिजे होय? आधी सांगायचं.” चन्नबसप्पानं तांब्या लांबूनच जमिनीवरून सरकवला. मैलारीच्या हातातून तो सुटला, बोटं वळत नव्हती. म्हाताऱ्यानं काठी खाली ठेवली, जवळ गेला आणि त्याच्या तोंडात धार धरली. “हळू पी. ठसका लागेल. आता तू इथं ठसक्यानं मेलास तर ती मला जिवंत ठेवणार नाही.”

पोलीस आले, मैलारीला जीपमध्ये घालून आधी दवाखान्यात घेऊन गेले. गर्दी पांगली. पण गल्ली निंबव्वावर जी उलटली, ती उलटलीच.

“चोराची आई” असं तिचं नाव पडलं. ती नळावर आली की बाया घागरी उचलायच्या. विरुपाक्षप्पानं उघडच सांगितलं, की जी कुणी तिच्याकडे कामाला जाईल तिनं आमच्या दुकानाची पायरी चढू नये. काम करणाऱ्या बाया एकेक करून सबबी सांगायला लागल्या. कुणाची कंबर धरली, कुणाची सासू आजारी पडली. शेवटी काटवटीसमोर दोघीच उरल्या.

“सगळ्यांच्या सासवा एकदम कशा आजारी पडल्या गं?” जैतूनबी म्हणाली. “साथ आलीय वाटतं.”

निंबव्वा हसली नाही. तिच्या दंडावर अजून गजाचा काळानिळा वळ होता. त्याचं दुःख नव्हतं. तीस वर्षं जिथं काढली त्या गल्लीनं पाठ फिरवली, हे तिला लागलं होतं. पण उंबऱ्यावर बसल्याचा पस्तावा तिनं कधी बोलून दाखवला नाही.

अशात एक दिवस चौकीतला हवालदार तळवार घरी आला. चांगला माणूस. तिच्याच भाकरी खाऊन मोठा झालेला म्हटलं तरी चालेल.

“अव्वा, जबाब तयार आहे. तुम्ही फक्त सही करायची.”

“वाच.”

त्यानं वाचलं. त्यात तिच्या मंगळसूत्राचं होतं, शाळेतल्या बाईंच्या साखळीचं होतं, म्हातारीच्या बोरमाळेचं होतं आणि शारदक्कांचंही होतं. शारदक्कांना पाडणारा माणूस आपण खिडकीतून पाहिला आणि तो हाच मैलारी, असं निंबव्वाच्या तोंडी घातलं होतं.

“हे शेवटचं मी कधी म्हटलं?”

तळवारानं कान खाजवला. “अव्वा, चोर तो चोर. एकदा केलं त्यानं आधीही केलंच असणार. सगळी प्रकरणं एकदम मिटतात. आकडा खाली येतो. वरून आमच्या साहेबांना रोज बोलणी बसताहेत. आणि गल्लीलाही निवांत झोप लागेल. सगळ्यांचंच भलं.”

निंबव्वानं हातातला गोळा परातीत ठेवला. “तळवार, शारदक्काला पाडणारा जाडा होता. टक्कल होतं. हा पोरगा वाऱ्यानं उडेल. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसंही हे नाही. हा संन्यासी नाही, हाही चोरच. पण याच्या चोरीला याला धरा. दुसऱ्याच्या चोरीला याला धरलं, तर तो दुसरा कुठं जाईल?”

“कुठं?”

“कुठंच नाही! इथंच फिरेल. तुमचा आकडा खाली येईल, आम्ही दारं सताड उघडी टाकू आणि तो आरामात येईल. आकडा खाली आला म्हणजे चोर खाली आला होय रे?”

तळवार परत गेला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की निंबव्वा आता चोराच्या बाजूनं साक्ष देणार. विरुपाक्षप्पा तिच्या दारासमोर उभा राहून म्हणाला, “तुझं काय गेलं? चार मणी! माझ्या घरातलं माणूस गेल्यासारखं झालंय.”

“म्हणूनच म्हणते अण्णा, खरा धरू या.”

“तू गप्प बस म्हणजे झालं,” तो म्हणाला.

पावसाळा सरत आला होता, पण सरपण ओलंच, घरात धूर कोंडायचा आणि दोघींच्याच अंगावर सगळं काम. निंबव्वानं एक दिवस चूल उचलून बाहेर कट्ट्यावर मांडली. यात कसला बेत नव्हता. आत जीव गुदमरत होता, एवढंच. पण दुपार कलल्यावर दोघीजणी रस्त्यावर भाकरी थापत बसल्या आणि जाणारा-येणारा प्रत्येकजण त्यांच्या नजरेखालून जायला लागला. अनोळखी कुणी दिसला, की जैतूनबी विचारायची, “कुणाकडं, बाळा?” ओळखीचा सरळ सांगायचा. नको तो असला, तर चहाची टपरी विचारून मागं फिरायचा. कट्ट्यावरचा चन्नबसप्पा वर्तमानपत्राच्या आडून बघायचाच. आधी एक म्हातारी येऊन टेकली, शेंगा सोलत. मग कंबर धरलेल्या एकीची कंबर सुटली. तिला घरात बसून कंटाळा आला होता आणि बाहेर गप्पा चालल्या होत्या. गप्पांचा मोह रागापेक्षा जुना असतो.

आणि एके दिवशी समोरचं दार किलकिलं झालं. शारदक्का दारात उभी होती. हात अजून झोळीत. तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग समोर चुलीकडं. एवढा रस्ता ओलांडायला तिला किती वेळ लागला, ते कट्ट्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. पण कुणी हाक मारली नाही, कुणी उठून हातही धरला नाही. निंबव्वानंच डोळ्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं होतं. शारदक्का आली आणि चुलीपाशी बसली.

“निंबक्का,” ती हळू म्हणाली, “तो तो नव्हता.”

“माहीत आहे मला.”

“आमचे हे ऐकतच नाहीत. मी सांगितलं, त्या माणसाच्या अंगाला डिझेलचा वास होता, हात एवढा जड होता. ते म्हणतात, तुला भीतीनं काही आठवत नाही. मला सगळं आठवतं, अक्का. तेवढंच आठवतं.”

निंबव्वानं तव्यावरची भाकरी उतरवली, अर्धी मोडून तिच्या हातात दिली. “खा. उद्या चौकीत जाऊन हेच सांगायचं. मी येते बरोबर.”

“मी? चौकीत?”

“रस्ता ओलांडलास की. चौकी काय, अजून थोडी पुढं.”

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. तळवार उभाच राहिला. आतल्या फौजदारसाहेबांनी शारदक्काला बसायला खुर्ची दिली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, हे लिहून घेतलं तर तुमचं प्रकरण उघडंच राहील. पुन्हा शोध आला.”

“राहू दे उघडं,” शारदक्का म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज निंबव्वानं पहिल्यांदाच ऐकला. “मी दार उघडून आलेय, साहेब. तुम्ही कशाला बंद करता?”

साहेबांनी नवा जबाब लिहून घेतला.

ही गोष्ट तळवाराच्याच तोंडून कोठडीत मैलारीपर्यंत पोचली. इतके दिवस तो एक अक्षर बोलला नव्हता. बोललं काय नि न बोललं काय, सगळं आपल्याच माथी मारणार, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. ज्या बाईचा गळा धरला तीच आपल्यावर दुसऱ्याचा गुन्हा येऊ देत नाही, म्हटल्यावर तो भिंतीकडे तोंड करून रडला म्हणे. मग त्यानं गाडी चालवणाऱ्याचं नाव सांगितलं. जाडा, टकला, ट्रकच्या गॅरेजमध्ये काम करणारा. आधीच्या चोऱ्या त्या जाड्यानं एकट्यानं केल्या होत्या. शारदक्काच्या वेळी उतरल्यावर गाडी पुन्हा सुरू होईना, म्हणून पुढं गाडी न थांबवता हात मारायला मैलारीला सोबत घेतलं. मैलारीची ती पहिलीच खेप. महिन्याभरात तो माणूस हरिहरला सापडला. सोनं बरंचसं वितळून गेलं होतं. थोडं मिळालं.

खटला उभा राहिला तेव्हा निंबव्वा इरकल नेसून कोर्टात गेली. मैलारीच्या वकिलाला वाटलं, या बाईला दया आलेली दिसते, थोडी आपल्याकडं ओढून घेऊ. तो गोड आवाजात म्हणाला, “अव्वा, गर्दीत, धुरळ्यात, पिठात तुमचा चेहऱ्याचा गोंधळ झाला असेल ना?”

“चेहरा कुणी बघितला? मी मनगट सोडलंच नाही. सुटलं असतं तर गोंधळ झाला असता.” मग न्यायाधीशांकडं वळून म्हणाली, “यानं माझ्या गळ्याला हात घातला, हे खरं. पोरगं पहिल्यांदाच या वाटेला गेलं, हेही खरं. आणि आमच्या गल्लीनं त्याला जवळपास मारलाच होता, तेही लिहून घ्या. पहिल्या दोन मी मारल्या.”

दोघांनाही शिक्षा झाली. जाड्याला मोठी, मैलारीला लहान. कोर्टाच्या पायरीवर दुरगव्वानं निंबव्वाला अडवलं. “वाचवायचाच होता, तर पुरता वाचवायचास! तुरुंगात घालायला वाचवलास होय?”

निंबव्वा पायरीवर बसली. मग म्हणाली, “दुरगव्वा, त्याचा जीव तुझा होता, तो मी तुला दिला. चोरी त्याची होती, ती मी कशी घेऊ? तूच सांग, मी खोटं बोलून त्याला सोडवलं असतं, तर शारदक्कानं माझ्याकडं बघून काय म्हटलं असतं?”

दुरगव्वा पाठ फिरवून गेली. पुष्कळ दिवस ती या गल्लीत केरसुण्या घेऊन आली नाही. पुढं एकदा आली, चुलीपाशी ओझं टेकवून पाणी प्यायली आणि “आत चांगला आहे, सुतारकाम शिकतोय,” एवढं बोलून गेली. निंबव्वाला तेवढं पुरलं.

पुढच्या वर्षी चौक्यांचे आकडे छापून आले. चन्नबसप्पानं पान उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“अगं, आकडा वाढलाय की! एवढं सगळं करून गाढवापुढं गीता.”

निंबव्वानंही डोळे मोठे केले. मग कट्ट्यावरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, “माझ्या दिराची सायकल चोरीला गेली, ती मी चौकीत नोंदवली.” दुसरी म्हणाली, “तो दारूडा शाळेच्या पोरींना आडवा यायचा, त्याची तक्रार आम्हीच केली.” तिसरीनं मारणाऱ्या नवऱ्याचं नाव चौकीत दिलं होतं, ते तिनं खाली मान घालून सांगितलं.

“म्हणजे चोऱ्या वाढल्या नाहीत,” जैतूनबी म्हणाली, “आपली तोंडं वाढली.”

आणि ते खरंच होतं. गळ्याला हात पडल्याची एकही गोष्ट त्या वर्षात घडली नव्हती. फौजदारसाहेबांना वरून बोलणी बसली असतील. पण त्यांनी आलेल्या एकाही बाईला परत पाठवलं नाही, हे निंबव्वा आवर्जून सांगायची. त्याच्या पुढच्या वर्षांत आकडा आपोआप उतरत गेला.

विरुपाक्षप्पानं माफी कधी मागितली नाही. त्याचा तो स्वभाव नव्हता. पण थोरल्या मुलीच्या लग्नात त्यानं नातेवाइकांना बसवण्णाच्या देवळापाशी न उतरवता सरळ गल्लीत उतरवलं आणि वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं “इथं बायकांना भीती नाही ना?” असं विचारल्यावर समोरच्या कट्ट्याकडं हात करून तो म्हणाला, “भीती आहे. तिथं बसलेल्या बायांची.”

निंबव्वानं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. पण त्या रात्री जेवताना ती उगाचच हसली, आणि चन्नबसप्पानं विचारलं तरी का ते सांगितलं नाही.

मध्यंतरी स्टेशनापलीकडच्या एका वस्तीतल्या बाया तिला शोधत आल्या. त्यांच्याकडं तोच ताप सुरू झाला होता. एकीच्या मानेवर ताजा ओरखडा होता. निंबव्वानं त्यांना काहीतरी युक्ती सांगावी, अशी त्यांची अपेक्षा.

“युक्ती कसली,” ती म्हणाली. “तुमच्या गल्लीत बसायला जागा आहे का?”

“एक पार आहे. पण तिथं कुणी बसत नाही. घाण आहे.”

“झाडू आहे?”

“आहे की.”

“चला तर,” म्हणून ती उठली. गुडघे धरून, जैतूनबीच्या खांद्याचा आधार घेत. शारदक्कानं पायात चपला घातल्या. ऊन उतरलं होतं. त्या सगळ्या बाया मिळून ओणीच्या तोंडाशी आल्या तेव्हा एक रिक्षावाला आपण होऊन थांबला आणि म्हणाला, “सगळ्याजणी एका रिक्षात कशा मावणार, अव्वा? थांबा, अजून दोघांना बोलावतो.”